अस्वस्थ पायांचा विकार : औषधांचा उपयोग आणि त्यांचे अनिष्ट परिणाम

दिवसभराचे काम आटोपून मनुष्य अंथरुणावर पडला म्हणजे त्याचे स्नायू सैल होतात, श्वास संथ होतो आणि थोड्याच वेळात त्याला झोप लागते. हा नित्याचा क्रम होय. परंतु काही माणसांच्या बाबतीत नेमक्या याच वेळी पायांत एक विलक्षण अस्वस्थता उत्पन्न होते. पोटरीच्या आत खोलवर काहीतरी वळवळत आहे, सरपटत आहे, आतून कोणी ओढीत आहे, असे रुग्ण सांगतात. पुष्कळांना तर ‘पायांत कसेसेच होते’ यापलीकडे काही सांगता येत नाही. पाय झाडला किंवा उठून चार पावले टाकली की बरे वाटते. पुन्हा आडवे झाले की पुन्हा तेच. कोणी घरातील मुलांकडून पाय तुडवून घेतात, कोणी पोटऱ्यांना फडके आवळून बांधतात, कोणी थंड फरशीवर पाय टेकून बसून राहतात. असे करता करता मध्यरात्र उलटून जाते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोळे मिटू लागतात.

या विकारास अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हे त्याचे वैद्यकातील प्रचलित इंग्रजी नाव होय. याने जीवास धोका नसतो. परंतु वर्षानुवर्षे झोप हिरावली गेल्याने माणसाचे मन, काम आणि संसार ही तिन्ही पोखरली जातात. यावर परिणामकारक औषधे आहेत. मात्र त्या औषधांच्या बाबतीत एक गोष्ट फार सावधपणे जाणून घ्यावी लागते : ज्या औषधाने आज शांत झोप लागते, तेच औषध काही वर्षांनी विकार वाढविण्यास कारण होऊ शकते. हे कसे घडते, ते कसे ओळखावे आणि त्यावर उपाय कोणता, याचे विवेचन प्रस्तुत पुस्तिकेत केले आहे.

विकाराची लक्षणे

या विकाराचे निदान रक्ताच्या एखाद्या तपासणीने किंवा क्षकिरणांच्या छायाचित्राने होत नाही. ते रुग्णाच्या सांगण्यावरूनच करावे लागते. त्यासाठी पाच गोष्टी पाहतात. पहिली, पाय हलविण्याची अनावर इच्छा होते व बहुधा तिच्यासोबत पायांत अप्रिय संवेदना असतात. दुसरी, बसले वा पडले असता हा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. तिसरी, चालले किंवा पाय ताणले असता, निदान ती हालचाल चालू आहे तोवर, तो कमी होतो. चौथी, सायंकाळी व रात्री तो दिवसापेक्षा अधिक असतो. पाचवी, या साऱ्याचा उलगडा दुसऱ्या एखाद्या रोगाने होत नाही.

ही पाचवी अट महत्त्वाची आहे. रात्री पोटरीत गोळा येतो, तो वेगळा; त्यात स्नायू दगडासारखा कठीण होऊन तीव्र कळ येते. मधुमेहामुळे मज्जातंतू बिघडले असता तळपाय जळजळतात व बधिर होतात. परंतु चालल्याने ते शमत नाहीत. संधिवाताचे दुखणे सांध्यांत असते. खुर्चीवर बसल्या बसल्या पाय हलवीत राहणे ही तर अनेकांची केवळ सवय असते. ती आवरता येते, आणि आवरली तर विशेष त्रास होत नाही.

या विकाराच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत आणखी एक गोष्ट आढळते. झोपेत त्यांचे पाय ठराविक अंतराने, बहुधा २० ते ४० सेकंदांनी, आपोआप झटका खातात. रुग्णास याची जाणीव नसते. शेजारी झोपणाऱ्यास मात्र ती पुरेपूर असते.

शोधाचा इतिहास

या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनी केले. १६७२ साली त्यांनी लॅटिन भाषेत लिहिलेल्या ग्रंथात, अंथरुणावर पडताच हातापायांची तगमग सुरू होऊन ज्यांना झोप येत नाही अशा रुग्णांची हकीकत आहे. विलिस यांनी अफूच्या अर्काने हा त्रास शमविला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे या विषयाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८६१ साली जर्मन वैद्य थिओडोर विटमाक यांनी त्याचे पुन्हा वर्णन केले. पण त्यांनी तो मनाचा विकार मानला, आणि पुष्कळ काळ रुग्णांची संभावना ‘मनाचे खेळ’ अशीच होत राहिली.

हा गैरसमज दूर करण्याचे श्रेय स्वीडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांचे. त्यांनी १९४५ साली या विकारावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला व त्यास आजचे नाव दिले. म्हणूनच यास विलिस-एकबॉम रोग असेही म्हणतात. स्वीडनमधीलच नॉर्डलँडर यांनी १९५३ च्या सुमारास या रुग्णांना शिरेतून लोह दिले असता अनेकांचा त्रास नाहीसा होतो, असे दाखविले. १९८२ साली तुर्की वैद्य अकपिनार यांनी, कंपवातावर देण्यात येणारे लेव्होडोपा हे औषध येथेही गुणकारी ठरते, असे निदर्शनास आणले. लोह आणि लेव्होडोपा या दोन गोष्टी वरवर पाहता अगदी भिन्न दिसतात. परंतु त्या एकाच साखळीचे दुवे आहेत.

लोह आणि डोपामाइन

मेंदूतील पेशी एकमेकींस संदेश देण्यासाठी काही रसायनांचा उपयोग करतात. त्यांपैकी एक डोपामाइन होय. शरीराच्या हालचालींचे नियंत्रण, तसेच सुखाची व इच्छेची जाणीव यांच्याशी त्याचा निकट संबंध आहे. टायरोसीन नावाच्या अ‍ॅमिनो आम्लापासून मेंदू डोपामाइन तयार करतो, आणि या क्रियेतील मुख्य टप्पा घडवून आणणाऱ्या विकरास लोहाची आवश्यकता असते. लोह कमी पडले तर ही सारी व्यवस्था बिघडते.

या रुग्णांच्या मेंदूत लोह कमी असते, असे चुंबकीय प्रतिमांवरून आणि मृत्यूनंतर केलेल्या परीक्षणांवरून दिसून आले आहे. रक्तात लोह पुरेसे असूनही मेंदूत ते कमी असू शकते. शिवाय रक्तातील लोह व मेंदूतील डोपामाइनचे कार्य ही दोन्ही दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बदलतात. रात्री त्यांना ओहोटी लागते. विकार रात्रीच का बळावतो, याचा उलगडा यावरून बऱ्याच अंशी होतो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. दोन्ही रोगांत औषधे सारखी दिली जात असली, तरी अस्वस्थ पायांचा विकार म्हणजे कंपवात नव्हे. कंपवातात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. येथे तसे होत नाही. तेव्हा औषधाच्या वेष्टनातील पत्रकावर कंपवाताचे नाव वाचून रुग्णाने घाबरून जाऊ नये.

हा विकार कोणास होतो

युरोप व उत्तर अमेरिका येथील पाहण्यांत शंभर प्रौढांपैकी ५ ते १० जणांत हा विकार थोड्याफार प्रमाणात आढळला आहे; आशियातील पुष्कळशा पाहण्यांत हे प्रमाण त्याहून कमी दिसते. स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट असतो. तो अनेकदा एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, आणि त्याच्याशी निगडित अशी काही जनुके २००७ साली प्रथम ओळखली गेली. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत पुष्कळ स्त्रियांना तो जडतो व प्रसूतीनंतर बहुधा आपोआप जातो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांतही तो वारंवार आढळतो.

भारताच्या दृष्टीने यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण लोहाची उणीव हे होय. म्हणून रात्री ‘पाय वळवळतात’ असे एखादी गृहिणी सांगू लागली, तर तो थकवा म्हणून सोडून न देता तिच्या रक्तातील लोह तपासून घेणे, हे पहिले कर्तव्य ठरते.

मुलांनाही हा विकार होतो. अमेरिका व ब्रिटन येथील एका पाहणीत ८ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २ टक्के मुलांत तो दिसून आला. अशा मुलाची तक्रार वाढीच्या वयातील दुखणे म्हणून टाळली जाते, किंवा वर्गात ते स्थिर बसत नाही म्हणून त्याला शिक्षा होते. शिक्षकांनी ही शक्यता ध्यानात ठेवावी.

विकार वाढविणारी औषधे

कित्येकदा विकार बळावण्याचे कारण रुग्णाच्या घरातील औषधांच्या डब्यातच असते. मेंदूतील डोपामाइनचे कार्य रोखणारी, किंवा अन्य मार्गाने झोपेच्या व्यवस्थेत फेरफार करणारी औषधे हा त्रास वाढवितात. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे :

१. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड. (त्याऐवजी डोम्पेरिडोन देता येईल काय, हे डॉक्टरांस विचारावे, ते मेंदूत फारसे शिरत नाही.)

२. सर्दी, खोकला व खाज यांवरील झोप आणणारी औषधे. उदाहरणार्थ, क्लोरफेनिरामिन व डायफेनहायड्रामिन. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत ती असतात.

३. मानसिक रोगांवरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे.

४. विषण्णतेवरील बरीचशी औषधे, विशेषतः मिर्टाझेपीन.

यांतील दुसऱ्या प्रकारात एक विपरीत घटना घडते. झोप येत नाही म्हणून रुग्ण झोप आणणारी सर्दीची गोळी घेतो. डोळ्यांवर झापड येते, परंतु पाय अधिकच वळवळू लागतात. गोळी कमी पडली असे समजून तो दुसरी घेतो आणि त्याची रात्र आणखी वाईट जाते.

मात्र मानसिक रोगांवरील किंवा विषण्णतेवरील औषध रुग्णाने आपल्या मनाने कदापि थांबवू नये. त्यातून उद्‌भवणारा धोका पायांच्या त्रासापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो. बुप्रोपिऑनसारखी काही औषधे पायांचा त्रास सहसा वाढवीत नाहीत. बदल करावा की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

पहिला उपाय : लोहाची भरपाई

शरीरात लोहाचा किती साठा आहे हे फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या मोजणीवरून कळते. येथे एक फसगत संभवते. पुष्कळ प्रयोगशाळा दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमच्या आसपासचे फेरिटिनही नेहमीच्या मर्यादेत धरतात. सर्वसाधारण माणसास ते चालेल. परंतु अस्वस्थ पायांच्या प्रौढ रुग्णात हा आकडा ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. अहवालावर ‘नॉर्मल’ हा शब्द पाहून समाधान मानू नये, आकडा पाहावा. तसेच अंगात ताप किंवा दाह असेल तर फेरिटिन फसवे वाढलेले दिसते. म्हणून तपासणी प्रकृती ठीक असताना करावी व तिच्यासोबत ट्रान्सफेरिनची संपृक्तताही मोजावी.

लोहाच्या गोळीने मलावरोध होतो, पोटात मळमळते आणि शौचास काळे होते. काळा रंग निरुपद्रवी आहे. गोळी एक दिवसाआड घेतल्यास पोटाचा त्रास कमी होऊन लोहाचे शोषणही चांगले होते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. लिंबाच्या रसासोबत ती घ्यावी. चहा, कॉफी व दूध यांच्यापासून एक-दोन तास दूर ठेवावी. गुण येण्यास आठवडे, कधी महिने लागतात; म्हणून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. गोळ्या सोसत नसल्यास किंवा पुरत नसल्यास शिरेतून लोह देण्याचा मार्ग आहे.

परंतु तपासणीवाचून लोह घेत राहणे योग्य नव्हे. शरीरात शिरलेले अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. थॅलॅसीमियासारख्या रोगांत तर लोह आधीच साचलेले असू शकते. ते यकृतास व हृदयास बाधक होते.

गुणकारी औषध आणि त्याची उलटी गती

लेव्होडोपानंतर डोपामाइनचे काम करणारी इतर औषधे पुढे आली. त्यांपैकी रोपिनिरोल यास २००५ साली व प्रामिपेक्सोल यास २००६ साली अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यांचा गुण पहिल्या काही रात्रींतच येतो. वर्षानुवर्षे न झोपलेला मनुष्य गाढ झोपतो व औषधास दुवा देतो. पण पुढे काय घडू शकते ते पाहा.

समजा, एका गृहस्थास रात्री दहाच्या सुमारास त्रास सुरू होत असे. नऊ वाजता एक लहान गोळी घेऊन तो दोन वर्षे सुखाने झोपला. मग सायंकाळी सात वाजताच पाय वळवळू लागले. गोळी वाढविली, काही महिने बरे गेले. पुढे दुपारी चार वाजता कार्यालयात बसणे कठीण झाले. पुन्हा गोळी वाढविली. आता त्रास हातांतही पसरला, आणि पूर्वी अर्धा तास स्वस्थ बसता येत असे तेथे पाच मिनिटेही बसवेना. त्याला वाटते की आपला रोग बळावला. वस्तुतः बळावला आहे तो औषधामुळे.

या घटनेस ऑग्मेंटेशन म्हणतात. आपण तिला विकारवृद्धी म्हणू. तिचे वर्णन अमेरिकेतील अ‍ॅलन व अर्ली यांनी १९९६ साली केले. लेव्होडोपा घेणाऱ्या त्यांच्या रुग्णांपैकी शेकडा ८० हून अधिक जणांत ती आढळली. नव्या औषधांत ती सावकाश येते. दर वर्षी शेकडा सात-आठ रुग्णांत ती उद्‌भवते, असे काही अभ्यासांत दिसून आले. औषधाच्या सततच्या माऱ्याने मेंदूतील ग्राहकस्थाने मंदावतात व औषध उतरताच उणीव पूर्वीहून अधिक भासते, असा तिच्याविषयीचा तर्क आहे. लोह कमी असलेल्यांत आणि औषधाची मात्रा मोठी असलेल्यांत ती लवकर येते.

विकारवृद्धीची चार चिन्हे ध्यानात ठेवावीत : त्रास पूर्वीपेक्षा दिवसा लवकर सुरू होणे, बसल्यावर लवकर उद्‌भवणे, शरीराच्या इतर भागांत पसरणे, आणि मात्रा वाढविली की थोडे दिवस बरे वाटून पुन्हा अधिक बिघडणे. ही चिन्हे दिसू लागली म्हणजे मात्रा वाढविणे हा आगीत तेल ओतण्याचा प्रकार होय.

या औषधांचा आणखी एक अनिष्ट परिणाम असा की, त्याची वाच्यता रुग्ण लाजेने करीत नाही. डोपामाइनचा इच्छेशी संबंध आहे, हे वर सांगितलेच आहे. ही औषधे घेणाऱ्या काही माणसांत जुगाराचा नाद, अनावर खरेदी, अतिभोजन किंवा कामवासनेचा अतिरेक उत्पन्न होतो. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला मनुष्य कर्ज काढून पैसे उधळू लागतो. घरचे त्याला दोष देतात आणि तोही स्वतःला दोष देतो. हा औषधाचा परिणाम असू शकतो, आणि औषध कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो. म्हणून हे औषध सुरू करताना रुग्णाच्या घरातील एका तरी विश्वासू माणसास याची कल्पना दिलेली असावी. याशिवाय मळमळ, उठताना भोवळ व दिवसा एकाएकी झोप लागणे हेही परिणाम होतात; वाहन चालविणाऱ्यांनी विशेष जपावे.

या साऱ्या अनुभवामुळे मत बदलले. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात डोपामाइनच्या औषधांचा सरसकट उपयोग करू नये असे सुचविले असून, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन या गटातील औषधांची आणि योग्य रुग्णांत शिरेतून लोह देण्याची शिफारस केली आहे. या गटातील औषधांनी विकारवृद्धी होते असे दिसलेले नाही. पण तीही निर्दोष नाहीत. त्यांनी गुंगी व भोवळ येते, वजन वाढते, पायांवर सूज येते, कधी मन खिन्न होते. वृद्धांस पडण्याचा धोका असतो, मूत्रपिंडे दुबळी असल्यास मात्रा कमी करावी लागते, आणि अफूजन्य औषधांसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. फार कठीण रुग्णांत तज्ज्ञ अल्प मात्रेत अफूजन्य औषधेही देतात. त्यांत मलावरोध व सवय लागणे हे धोके आहेत.

रुग्णाने काय करावे

औषध आपल्या मनाने वाढवू नये; तसेच एकदम सोडूही नये. डोपामाइनचे औषध अचानक थांबविले तर त्रास भयंकर उसळतो, झोप पूर्ण नाहीशी होते आणि मन व्याकूळ होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावे लागते, व बहुधा दुसरे औषध आधी सुरू करतात. तरीही अखेरची मात्रा सुटताना काही रात्री फार कठीण जातात. हे आधी ठाऊक असले म्हणजे रुग्ण धीर सोडत नाही, आणि घरच्यांनाही त्याची तगमग समजते.

साधी नोंदवही ठेवणे हे मोठे साधन आहे. रोज एका ओळीत लिहावे : त्रास किती वाजता सुरू झाला; औषध कोणते, किती व केव्हा घेतले; त्रास कोठे झाला; झोप किती तास लागली; सर्दी, उलटी इत्यादींसाठी दुसरे काही घेतले काय. सहा महिन्यांनी मागची पाने उलटून पाहिली म्हणजे, सुरुवातीची वेळ रात्री दहावरून सायंकाळी सहावर सरकली आहे, हे जे स्मरणातून निसटते ते कागदावर स्पष्ट दिसते. ही वही डॉक्टरांस दाखवावी. सौम्य विकारात औषधाची गरज नसतेही. झोपण्याउठण्याची वेळ नियमित ठेवणे, दिवसा माफक व्यायाम, रात्री पोटऱ्यांना मालीश किंवा ऊन पाण्याचा शेक, आणि सायंकाळनंतर चहा, कॉफी, तंबाखू व मद्य वर्ज्य करणे, यांनी अनेकांस आराम पडतो. स्वस्थ बसणे भाग असेल तेव्हा मन गुंतवणारे काम हाती असावे. लांबच्या प्रवासात उठता येईल अशी कडेची जागा घ्यावी.

औषध गुणकारी असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अस्वस्थ पायांच्या विकारात त्या दोहोंतील अंतर एका रात्रीत दिसत नाही. ते काही वर्षांनी दिसते. म्हणून गोळीने झोप लागली की लक्ष देण्याचे काम संपले, असे नव्हे. रुग्ण, घरची माणसे व डॉक्टर या तिघांनी मिळून पुढेही पाहत राहिले, तर विकारवृद्धी वेळीच ओळखू येते. आणि वेळीच ओळखली तर तिच्यातून बाहेर पडता येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पोटरीत गोळा येणे आणि अस्वस्थ पायांचा विकार यांतील फरक लक्षणांवरून सांगा.

२. रक्तातील लोह पुरेसे असूनही हा विकार का होऊ शकतो?

३. त्रास वाढल्यावर औषधाची मात्रा वाढविणे काही वेळा अपायकारक का ठरते?

४. झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेणाऱ्या शेजाऱ्यास आपण काय सांगाल?